मुख्य नसलेली माणसे

'साहाय्यक' या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. लग्नाच्या बोलण्यांत मुलाचा बाप 'इंजिनिअर' हा शब्द खणखणीत उच्चारतो आणि त्याच्या आधीचा 'असिस्टंट' चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकतो. मुलीचा बापही चतुर असतो. त्याला तो गिळलेला शब्द बरोबर ऐकू येतो. आमच्या व्यवसायात तर गिळण्याचीही सोय राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी 'व्याख्याता' हे जुने भारदस्त नाव मोडीत काढले आणि आम्हा सगळ्यांना 'साहाय्यक प्राध्यापक' करून टाकले. कोणाचे साहाय्यक, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

तेव्हा जगाच्या पाठीवर कुठेही कोणी 'साहाय्यक' म्हणून आयुष्य काढतो आहे असे कळले, की माझे कान टवकारतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या साहाय्यक प्रशिक्षकांविषयी मला कुतूहल वाटू लागले ते असेच. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर ओहायो राज्यात राहायला गेली. बी.ए.ला असताना तिला निबंध लिहिण्याचा मनस्वी कंटाळा. पण परदेशी गेल्यावर तिची पत्रे मोठी वाचनीय होऊ लागली. एका डिसेंबरात तिने लिहिले, "सर, आमच्या शेजारचे घर विकायला निघाले आहे. शेजारचे गृहस्थ विद्यापीठात फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षकांना काढून टाकले, म्हणून यांनाही जावे लागले. त्यांची धाकटी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि आता ही तिची चौथी शाळा. आपली सायकल ती आमच्या मुलीला देऊन गेली."

ती सायकल माझ्या मनातून जाईना. आमच्याकडे बदलीची नोकरी बँकेतल्या माणसांना असते, सरकारी अधिकाऱ्यांना असते. पण त्यांची बदली होते, नोकरी जात नाही. शिवाय वरच्या साहेबांवर गंडांतर आले म्हणून खालच्या दहा जणांनी बिऱ्हाडे उचलायची, हा कुठला न्याय? मी या विषयावर मिळेल ते वाचीत सुटलो.

आधी एक खुलासा केला पाहिजे. ज्याला अमेरिकन माणूस फुटबॉल म्हणतो, त्या खेळात पायाचा चेंडूशी संबंध अगदी बेताचा. नारळासारखा लांबट चेंडू, तो बहुतेक वेळ हातातच. शंभर यार्डांचे मैदान. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा धिप्पाड तरुण. १८६९ साली ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या मुलांत पहिला सामना झाला, आणि तेव्हापासून हा खेळ कॉलेजांचाच होऊन बसला. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. आपल्या वानखेडेवरची तीन वेळची गर्दी तिथे एका वेळी सामावते! आणि हे मैदान एका विद्यापीठाचे. त्या देशातल्या कितीतरी राज्यांत सर्वांत जास्त सरकारी पगार गव्हर्नरला नसतो, कुलगुरूंनाही नसतो. तो विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला असतो. मराठीच्या विभागासाठी एक जास्तीचे कपाट मिळावे म्हणून तीन वर्षे अर्ज करणाऱ्या माणसाने हे वाचून काय करावे? मी चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागलो.

पण हा पगार एका माणसाचा. त्याच्या पाठीमागे साहाय्यकांचा एक ताफा असतो. मोठ्या विद्यापीठांना पूर्वी असे नऊ साहाय्यक ठेवता येत. २०१८ पासून दहा झाले. आणि २०२४ साली नियम इतके सैल झाले की संघाच्या नोकरीत असलेल्या कोणीही मैदानावर शिकवावे. कामाची वाटणी मोठी बारीक असते. एक जण फक्त चेंडू फेकणाऱ्याला शिकवतो. दुसरा चेंडू झेलणाऱ्यांना. तिसरा त्या पाच अगडबंब मुलांना, ज्यांचे काम समोरच्याला अडवून धरणे एवढेच, आणि ज्यांचे नाव प्रेक्षकांना ती चुकल्यावरच कळते. आमच्या विभागात एकाने संतवाङ्मय शिकवावे, दुसऱ्याने व्याकरण, तसाच हा प्रकार. या सगळ्यांवर दोन सूत्रधार असतात, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. तिकडे त्यांना 'कोऑर्डिनेटर' म्हणतात. आणि सर्वांच्या वर तो मुख्य.

या शिडीची सर्वांत खालची पायरी म्हणजे 'ग्रॅज्युएट असिस्टंट'. बहुधा नुकताच खेळणे संपलेला तरुण. तो विद्यापीठात एम.ए. किंवा तत्सम वर्गात नाव घालतो. फी माफ होते आणि वर जुजबी विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात तो पहाटे येतो आणि मध्यरात्री जातो. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या सामन्यांच्या फिती पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येक चालीची नोंद करायची. त्या चाली मोठ्या पुठ्ठ्यांवर काढायच्या. आणि राखीव मुलांना ते पुठ्ठे दाखवून शत्रूची सोंगे वठवायला लावायची, म्हणजे मुख्य खेळाडूंना सराव होतो. मधल्या वेळात कोणाला विमानतळावरून आणायचे, कोणाचे जेवण आणायचे. हे वाचताना मला आमच्याकडची तासिका तत्त्वावर शिकवणारी मुले आठवली. एका कॉलेजात सकाळचा तास, दुसऱ्यात दुपारचा, मधल्या वेळात एस.टी. स्टँडवर डबा, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. फरक इतकाच, की आमच्या मुलांना शिडीच्या टोकाला काही सोन्याचे सिंहासन दिसत नाही. त्या तरुणाला ते दिसते, आणि त्याच्या आशेवर तो सगळे सोसतो.

त्या सिंहासनावर जे पोहोचले त्यांच्यात निक सेबन यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका पेट्रोल पंपवाल्याचा हा मुलगा. केंट स्टेट विद्यापीठातले त्याचे खेळणे संपले. पण त्याच्या बायकोचे शिक्षण वर्षभर शिल्लक होते. तिच्यासाठी गावात राहायचेच आहे, तर १९७३ साली त्याने आपल्या प्रशिक्षकांच्या, डॉन जेम्स यांच्या, सांगण्यावरून साहाय्यकाचे काम धरले. प्रशिक्षक व्हायचे त्याच्या मनातही नव्हते! पुढचा प्रवास म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक वाटावे. केंटहून सिराक्यूज, तिथून वेस्ट व्हर्जिनिया, मग ओहायो स्टेट. तिथे १९८१ च्या हंगामानंतर बचावाच्या प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले, त्यांत हाही गेला. मग नौदलाची अकादमी, मग मिशिगन स्टेट, मग ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. १९९० साली टोलीडो विद्यापीठात प्रथमच मुख्याची खुर्ची मिळाली. साहाय्यकी सुरू करून तेव्हा सतरा वर्षे झाली होती. आणि मौज पाहा, वर्षभरात ती खुर्ची सोडून हे गृहस्थ क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली गेले! पुढे लुइझियाना स्टेटबरोबर एक आणि अलाबामाबरोबर सहा अशी सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून २०२४ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले. ती सात विजेतेपदे सगळ्यांना पाठ असतात. त्या सतरा वर्षांतली बिऱ्हाडे कोणी मोजीत नाही. बिऱ्हाडे बहुधा बायकाच मोजतात.

साहाय्यकाचे दुर्दैव कशात आहे, हे मला इथे हळूहळू उमगू लागले. त्याचे काम त्याचे स्वतःचे असते, पण नशीब दुसऱ्याचे असते. त्याने आपल्या मुलांना उत्तम शिकवले, त्याची फळी अभेद्य ठरली, तरी संघ हरला आणि मुख्याची गच्छंती झाली की नवा मुख्य येतो तो आपली माणसे घेऊन. राजा पदच्युत झाला की दरबार उठलाच. त्यात कोणाचा राग नसतो, कोणावर ठपका नसतो. घरासमोर विक्रीची पाटी तेवढी लागते.

मग नवी नोकरी कशी मिळते? जाहिरात, अर्ज, मुलाखत हे सोपस्कार असतात. पण खरे चालते ते नाते. कोण कोणाच्या हाताखाली शिकला, याचे तिकडे वंशवृक्ष काढतात, आणि त्याला 'झाड' असेच म्हणतात. आपल्याकडे गवयाला पहिला प्रश्न 'घराणे कोणते?' हा असतो, तसेच हे. दर जानेवारीत फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेचे अधिवेशन भरते. सभागृहात व्याख्याने चाललेली असतात, पण खरी गर्दी हॉटेलच्या दिवाणखान्यात. नोकरी गेलेले, नोकरी मिळवू पाहणारे, चांगला सूट घातलेले लोक तिथे उभे असतात आणि ओळखीचा चेहरा दिसला की हसून पुढे होतात. साहित्य संमेलनात आमच्यापैकी काहीजण प्रकाशकांच्या दालनांजवळ जरा जास्त रेंगाळतात. त्या हसण्याची जातकुळी मला ठाऊक आहे.

ही शिडी एकाच दिशेने चढत नाही, हाही तिचा एक गुण म्हटला पाहिजे. स्टीव्ह सार्किसियन हे सदर्न कॅलिफोर्नियाचे मुख्य प्रशिक्षक. दारूच्या व्यसनापायी २०१५ साली त्यांची ती नोकरी गेली. दुसऱ्या वर्षी सेबन यांनी त्यांना अलाबामात घेतले, तेही 'अॅनालिस्ट' म्हणून. म्हणजे मैदानावर शिकवायची मुभा नाही. खोलीत बसून फिती पाहायच्या. काल ज्यांच्या शिट्टीवर शंभर मुले धावत होती, ते आज नवशिक्यांच्या शेजारी बसून टिपणे काढीत होते. पण माणूस सावरला. पुढे तिथेच आक्रमणाचा सूत्रधार झाला आणि २०२१ साली टेक्सासचा मुख्य. पडलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला जागा देते ती खालचीच पायरी. वरच्या पायरीवर तेवढी जागा नसते.

गुरू आणि शिष्य यांची गाठही कधी कधी पडते. कर्बी स्मार्ट यांनी सेबन यांच्या हाताखाली अलाबामात नऊ वर्षे काढली, त्यांतली आठ बचावाचा सूत्रधार म्हणून. मग ते जॉर्जियाचे मुख्य झाले आणि २०२२ च्या जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांनी आपल्या गुरूलाच हरवले. गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असे आपल्याकडे म्हणतात. सेबन यांनी ती धरली असेल असे मला मुळीच वाटत नाही. पण शिष्याने मात्र पूर्ण केली.

इथवर सगळे गमतीचे. पण साहाय्यकाच्या कामाचा एक भाग वाचताना मी थांबलो. नवे खेळाडू मिळवण्याची मेहनत मुख्यतः साहाय्यकांची असते. प्रत्येकाला मुलूख वाटून दिलेला असतो. तो गावोगाव शाळा हिंडतो, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जातो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्या आईच्या हातचे खातो. पुष्कळ घरे गरिबाची असतात. त्या घरातून कॉलेजात जाणारे ते पहिलेच पोर असते. आई विचारते, माझ्या मुलाला सांभाळाल ना? आणि तो सांगतो, सांभाळीन. तो खोटे बोलत नसतो. पण त्याचा शब्द पाळणे त्याच्या हातात नसते. मुलगा येऊन वसतिगृहात सामान लावतो न लावतो, तो शब्द देणारा दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. कधी बढती मिळाली म्हणून, कधी नोकरी गेली म्हणून. कित्येक वर्षे नियमही असा होता, की प्रशिक्षकाने उद्या दुसरीकडे जावे, पण मुलाने कॉलेज बदलले तर एक वर्ष बाहेर बसावे. २०२१ पासून एकदा बदलण्याची सूट मिळाली आणि २०२४ मध्ये ते बंधनच गेले. आता मुलेही भराभर कॉलेजे बदलतात आणि जाणते लोक म्हणतात, हल्ली मुलांत निष्ठा राहिली नाही. निष्ठा मुलांनी कोणाकडून शिकायची होती, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट लिहू की नको, असे वाटत होते. पण लिहिली पाहिजे. जो पटर्नो हे पेन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक त्या देशात दैवतासारखे. त्यांनी स्वतः १९५० पासून सोळा वर्षे साहाय्यकी केली आणि १९६६ साली ते मुख्य झाले. २००१ साली त्यांच्याकडच्या एका ग्रॅज्युएट असिस्टंटने, म्हणजे त्या खालच्या पायरीवरच्या तरुणाने, संघाच्या स्नानगृहात एक घोर प्रकार पाहिला. तिथे पूर्वी बचावाचा सूत्रधार असलेला जेरी सँडस्की एका लहान मुलाबरोबर होता. तरुणाने दुसऱ्या दिवशी पटर्नोंना सांगितले. पटर्नोंनी वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांपर्यंत जाऊन ती गोष्ट थांबली. पोलिसांपर्यंत गेली नाही. दहा वर्षे गेली. २०११ च्या नोव्हेंबरात सँडस्कीला अटक झाली, पटर्नोंना काढण्यात आले, आणि २०१२ साली सँडस्कीवर पंचेचाळीस आरोप सिद्ध झाले. मधल्या दहा वर्षांचा हिशेब ज्या मुलांना द्यावा लागला, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक नसणेच योग्य.

त्या तरुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याने पाहिले ते सांगितले, आणि पुढे न्यायालयातही साक्ष दिली. पण या हकीकतीत प्रत्येकजण आपल्या वरच्याकडे पाहत होता, हे विसरता येत नाही. ज्याची भाकरी, बढती आणि शिफारसपत्र एकाच माणसाच्या हातात असते, त्याला त्या माणसाला ओलांडून बोलायचे धैर्य कुठून यावे? शिडीवरच्या माणसाची मान नेहमी वर असते. खाली, पायाशी, एखादे मूल उभे आहे हे पाहायला ती वाकवावी लागते. हे फुटबॉलपुरते खरे आहे असे समजून स्वस्थ बसण्याइतका मी भोळा नाही. शाळा-कॉलेजांतून, कचेऱ्यांतून, इस्पितळांतून 'वर सांगितले आहे' हे वाक्य आपण रोज ऐकतो, आणि ते ऐकून निश्चिंतही होतो.

मग या व्यवसायात चांगल्या माणसाने राहावे कसे? त्याचे एक उत्तर मला बड फॉस्टर या गृहस्थांच्या चरित्रात सापडले. केंटकीतल्या मरे स्टेट कॉलेजात ते फ्रँक बीमर यांचे साहाय्यक झाले. १९८७ साली बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, त्यांच्याबरोबर हेही गेले. १९९५ मध्ये बचावाची सूत्रे हाती आली. आणि मग ते तिथेच राहिले! २०१५ च्या अखेरीस बीमर निवृत्त झाले, नवा मुख्य आला, पण त्यानेही यांना जाऊ दिले नाही. २०१९ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले तेव्हा त्या एका गावात तेहेतीस हंगाम झाले होते. मुख्य प्रशिक्षक ते कधीच झाले नाहीत.

त्यांनी आपल्या मुलांसाठी एक खूण निवडली होती. आपल्याकडे कोणी ढाल-तलवार निवडली असती. यांनी निवडला एक डबा. खाणीत जाणारा कामगार जेवण नेतो तसला, पोचे पडलेला, जुना पत्र्याचा डबा. तो प्रांत कोळशाच्या खाणींपासून फार दूर नाही. ज्या मुलाने चोख कामगिरी केली असेल त्याने तो डबा घेऊन सामन्याला यायचे. हा मान मागून मिळत नसे, कमवावा लागे. गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या मुंबईची आठवण ज्यांना असेल, त्यांना त्या डब्याचा अर्थ समजावून सांगायला नको. पाळीवर वेळेवर जावे, नेमून दिलेले काम नीट करावे, घरी यावे. मिलचा मालक कोण, हे डबा विचारीत नाही.

फॉस्टर यांना शिडी दिसत नव्हती असे नाही. पण ज्या पायरीवर आपल्याला शिकवता येते, तिथेच त्यांनी घर बांधले. मुख्य झालेल्या माणसाला भाषणे करावी लागतात, देणगीदारांबरोबर जेवावे लागते, वर्तमानपत्रांना उत्तरे द्यावी लागतात. एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाच्या शेजारी उभे राहून, 'पाय जरा मागे घे, आता बघ' असे म्हणण्याची वेळ त्याच्या वाट्याला हळूहळू कमी येते. हे आमच्याही कॉलेजात घडते. उत्तम शिकवणारा प्राध्यापक प्राचार्य होतो, त्याचे अभिनंदन होते, हार पडतात. आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही अहवालात येत नाही.

त्या देशात १९९६ पासून दरवर्षी एक पारितोषिक देतात. अर्कान्सा विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावाचे आहे ते. ब्रॉयल्स यांच्या हाताखाली काम केलेले जो गिब्ज, जिमी जॉन्सन, बॅरी स्विट्झर हे पुढे मोठमोठ्या संघांचे मुख्य झाले. साहाय्यक कसा निवडावा आणि कसा वाढवावा, हे या माणसाला कळत होते. पहिल्या वर्षी ते फ्लोरिडा स्टेटच्या मिकी अँड्र्यूज यांना मिळाले, आणि २००६ साली फॉस्टर यांना. देशातल्या सर्वोत्कृष्ट साहाय्यक प्रशिक्षकाला ते देतात. कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या, लाख माणसांच्या जयघोषात मैदानात उतरणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाने कितीही विजेतेपदे मिळवली, तरी मुख्य असेतो हे एक पारितोषिक त्याला मिळू शकत नाही. जगात एवढी तरी सोय कोणी करून ठेवली आहे, हे बरे झाले.